पराया राज्याचा कायदेशीर वारस कसे व्हावे

समुद्रापलीकडचे एखादे सुपीक राज्य आपल्या मनात भरले असेल, तर त्यावर सरळ चालून जाण्याचा अडाणीपणा कृपया करू नये. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मंडीचा ड्यूक, म्हणजे सत्ताधीश, विल्यम याचा कित्ता गिरवावा आणि आधी वारसहक्क तयार करावा. इंग्लंडचा राजा एडवर्ड 5 जानेवारी 1066 रोजी निपुत्रिक वारला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा मेहुणा आणि इंग्लंडचा बडा सरदार, म्हणजे ‘अर्ल’, हॅरॉल्ड याने मुकुट घातला. तेव्हा विल्यमने जगाला सांगितले, की एडवर्डने गादीचा शब्द आपल्याला दिला होता आणि खुद्द हॅरॉल्डने संतांच्या अवशेषांवर हात ठेवून आपल्यासाठी शपथ वाहिली होती. शब्द देणारा हयात नसणे ही अशा दाव्याची सर्वांत मोठी सोय असते.

लढाई टळत नसेल, तर शत्रूला दमवण्याचे काम तिसऱ्याकडून करून घ्यावे. हॅरॉल्ड 25 सप्टेंबरला उत्तरेत नॉर्वेच्या राजाशी झुंजत होता आणि तीनच दिवसांनी विल्यम दक्षिणेत पेव्हन्सीच्या किनाऱ्यावर उतरला. 14 ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ उरलेले काम आटोपले. नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टरमध्ये राज्याभिषेक झाला. आतला जयजयकार बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना दंगा वाटला आणि त्यांनी आसपासची घरे पेटवून दिली. प्रजेची भाषा येत नसली, तरी प्रजेशी संवाद साधता येतो, तो असा.

उत्तरेकडे बंडाळी झालीच, तर 1069-70 च्या हिवाळ्याप्रमाणे धान्य, नांगर आणि गुरेढोरे जाळून टाकावीत. पुढे 1086 मध्ये राजाचे जमीन-मोजणीदार उत्तरेतल्या यॉर्कशायरात पोहोचले, तेव्हा गावामागून गावापुढे ‘ओसाड’ एवढाच शेरा मारून त्यांचे काम झटपट उरकले.

ही मोजणी हेच विल्यमचे खरे शस्त्र. तलवारीचे कौतुक उगाच होते. जमीन, गिरण्या, नांगरांचे बैल आणि डुकरांपुरते रान अशी सगळी नोंद झाली, आणि प्रत्येक जमिनीबाबत ‘राजा एडवर्डच्या काळी ही कोणाकडे होती’ असे रीतसर विचारले गेले. एडवर्डनंतर थेट विल्यम! मधले नऊ महिने राज्य करून रणात पडलेला हॅरॉल्ड दप्तरात बहुतेक सगळीकडे केवळ ‘अर्ल’ म्हणून उरला. जुने इंग्रज जमीनदार तर मोठ्या जहागिरींवर बोटांवर मोजण्याइतकेच राहिले होते. या दप्तरावर अपील चालत नसे, म्हणून लोकांनी त्याला कयामतीच्या दिवसाचे, म्हणजे ‘डूम्सडे’चे नाव दिले.

आता भाषेविषयी. न्याय अशा भाषेत करावा, जी फिर्यादीला कळणार नाही. फ्रेंच समजत नसल्याने लोकांची अडचण होते, तेव्हा कोर्टात इंग्रजी बोलावे, असा कायदा तब्बल तीन शतकांनी, 1362 मध्ये झाला. तो कायदा फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे. ब्रिटिश संसदेच्या विधेयकांना राजाची संमती आजही नॉर्मन फ्रेंचमध्येच जाहीर होते, आणि आपल्याकडे बेलीफ समन्स घेऊन दारात उभा राहतो तेव्हा हे दोन्ही शब्दही त्याच वाटेने इंग्रजीत शिरून पुढे आपल्यापर्यंत आलेले असतात.

एक खबरदारी मात्र घ्यावी. 1087 मध्ये विल्यमला नॉर्मंडीतल्या कॅन येथे त्यानेच उभारलेल्या मठात पुरत असताना गर्दीतून आसेलँ नावाचा माणूस पुढे आला आणि ही जागा माझ्या बापाची असून ड्यूकने ती बळकावली आहे, अशी त्याने हरकत घेतली. शेजाऱ्यांनी साक्ष दिली. इंग्लंडभरच्या जमिनीचा हिशेब ठेवणाऱ्या राजाच्या थडग्यापुरत्या जागेचे साठ शिलिंग तिथल्या तिथे मोजून दिले गेले, तेव्हा कुठे दफन पुढे सरकले.