सेवा म्हणजे सत्तेची शिडी? एका संदेशाला उत्तर

‘ख्रिस्ती लोकांची सेवा ही सत्तेची शिडी आहे’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या इंदूरच्या मराठी घरांतून फिरतो आहे. ते इंग्रजांचे बोट धरून आले, घटना समितीत त्यांनी राखीव जागा पदरात पाडून घेतल्या, आरक्षणाचे आमिष दाखवून ते दलितांना बाटवतात, त्यांची संख्या भरमसाट वाढली आहे आणि राज्यघटनेच्या कलम ३० मुळे त्यांच्या संस्था कोणाला जुमानत नाहीत, असे त्यातले आरोप आहेत. एरवी असल्या मजकुराला उत्तर देण्यात मी वेळ घालवत नाही. परंतु लोकमान्य नगरातल्या माझ्या अंथरुणाला खिळलेल्या आत्याला कुशीवर वळवून, तिची पाठ पुसून पावडर लावणारी केरळची परिचारिका हा संदेश वाचून बंद करण्यात आली. तिने घरात धर्माचा विषय कधी काढला होता, असे खुद्द आत्याही म्हणत नाही.

सर्वांत धडधडीत खोटे आहे ते घटना समितीविषयीचे. समितीचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. ऑगस्ट १९४७ मध्ये ख्रिस्ती समाजासाठी मुंबई आणि मद्रास प्रांतांत जागा राखून ठेवण्याची शिफारस झाली होती, हे खरे. परंतु पुढे विधिमंडळांत धार्मिक अल्पसंख्याकांना राखीव जागा नकोत, असा ठराव आणणाऱ्यांत हेच मुखर्जी होते, सरदार पटेलांच्या ११ मे १९४९ च्या पत्रात त्यांच्या नावानिशी तशी नोंद आहे आणि त्याच महिन्याच्या २५ व २६ तारखांना चर्चा होऊन घटना समितीने तो निर्णय मान्य केला. या वादविवादांचे छापील खंड उपलब्ध आहेत. संदेश लिहिणाऱ्याने त्यांतले एक पान जरी उलटले असते, तरी हातात आलेला वाटा आपणहून सोडणाऱ्यांना त्याने सत्तालोलुप म्हटले नसते. लोकसभेवर अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य नेमण्याची तरतूद जानेवारी २०२० पर्यंत होती, एवढे नाइलाजाने मान्य करतो. मात्र ती त्या छोट्या समाजापुरती होती, सरसकट ख्रिस्ती लोकांसाठी नव्हती.

आरक्षणाच्या आमिषाचा आरोप तर हास्यास्पद आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. दलित माणूस ख्रिस्ती झाला की हातची सवलत जाते. बळजबरीने किंवा फसवून धर्मांतर करण्याविरुद्ध आपल्या मध्य प्रदेशात १९६८ पासून कायदा आहे. ज्याच्याकडे पुरावा असेल त्याने तो घेऊन ठाण्यात जावे.

आता सत्तेच्या शिडीविषयी. इथून जवळच, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला राणी मारिया नावाची ख्रिस्ती जोगीण भूमिहीन मजुरांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी आणि त्यांच्या हक्काच्या सरकारी योजना त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी झटत होती. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती इंदूरकडे येत असताना बसमध्ये, प्रवाशांदेखत तिच्यावर सुऱ्याचे वार करून तिला ठार मारण्यात आले. पुढे तिच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. या शिडीवरून ती कोणत्या खुर्चीपर्यंत पोहोचली, ते संदेशकर्त्यानेच सांगावे. ज्यांना खुर्ची खरोखर मिळाली, त्यांपैकी देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती होत्या. दिल्लीच्या एम्सचा १९५६ चा कायदा त्यांच्या पुढाकाराने झाला आणि सिमल्याचे स्वतःचे घर त्यांनी त्याच संस्थेला देऊन टाकले. तिथे उपचारासाठी रांगेत उभे राहणाऱ्यांना त्यांचा धर्म कोणी विचारत नाही.

इंग्रजांच्या बोटाची गोष्ट निम्मीच खरी आहे. गोव्यात पोर्तुगीज सत्ता आणि चर्च यांनी मिळून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा ठपका ठेवून शिक्षा करणारे न्यायालय, चालवले, त्याचे समर्थन कोणीही करू नये. पण १८१३ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीलाच आपल्या मुलखात मिशनरी नको होते. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याला म्हणूनच बंगालमधल्या, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात ठाण मांडावे लागले. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई तर आपल्याच. पुण्याच्या प्लेगमध्ये सरकारी रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी १८९७ मध्ये जाहीर पत्र लिहून सरकारची नाराजी ओढवून घेतली.

संख्येवर फार शाई खर्चायला नको. १९५१ च्या जनगणनेत ख्रिस्ती २.३ टक्के होते आणि २०११ मध्येही तितकेच आहेत. मध्य प्रदेशात तर अर्धा टक्काही नाहीत.

राहता राहिले कलम ३०. शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क ते धार्मिक अल्पसंख्याकांइतकाच भाषिक अल्पसंख्याकांनाही देते, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले आहे. मध्य प्रदेशात मराठी भाषक अल्पसंख्याकच आहेत. हे कलम रद्द करा म्हणून सह्या गोळा करणाऱ्या आमच्या मंडळींनी, उद्या इंदुरात मराठी शाळा काढायची झाल्यास कोणत्या कलमाखाली अर्ज करणार, तेही त्याच संदेशात लिहून टाकावे.