निळी तबकडी

व्युर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या फ्युसेनपर्यंत जाणाऱ्या, सुमारे 460 किलोमीटरच्या मार्गाला जर्मनांनी 1950 साली ‘रोमँटिक रोड’ असे नाव दिले. या मार्गावरून मी भाड्याची मोटार चालवली ती शेजारी नकाशा उघडून बसलेली पत्नी, मागे आई आणि दोघींच्या प्रत्येक मतभेदात ज्याला साक्षीला बोलावले जात होते असा बारा वर्षांचा मुलगा यांना घेऊन. त्यामुळे नावातल्या पहिल्या शब्दाविषयी मला काहीच सांगता येणार नाही. दुसऱ्याविषयी मात्र पुष्कळ सांगता येईल, विशेषतः जिथे रस्ता संपतो आणि गाडी कुठे लावायची हा प्रश्न सुरू होतो, त्या जागेविषयी.

या गावांनी मध्ययुगात शत्रू आत येऊ नये म्हणून तट बांधले आणि आजही ते जिवापाड जपले आहेत. शत्रू तेवढा बदलला आहे. आता तो मी आहे. रोथेनबुर्गच्या तटाबाहेर पी-1 ते पी-5 असे पाच वाहनतळ आहेत. पुण्यात पी-1 आणि पी-2 या पाट्यांखाली सम-विषम तारखांचा हिशेब करण्यात माझी उमेदीची वर्षे गेल्यामुळे, आज तारीख कोणती हे मी सवयीने आधी पाहून घेतले. गाडी लावून, आईच्या गुडघ्यांना जपत, गोट्यांच्या फरसबंदीवरून आम्ही चौकात पोहोचलो, तेव्हा तिथल्या प्रसिद्ध घड्याळाच्या खिडक्या नुकत्याच बंद होत होत्या. 1631 साली शहर जिंकणाऱ्या टिली या सेनापतीपुढे माजी नगराध्यक्ष नुश याने सव्वातीन लिटर वाइन एका दमात रिचवून गाव वाचवले, अशी आख्यायिका आहे, आणि खिडक्यांतल्या बाहुल्या दर तासाला तेच करून दाखवतात. आईने कथा शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “आपल्याकडे लोक पिऊन घर घालवतात, याने गाव राखलं. बरंय.” पुढचा पेला पाहण्यासाठी आम्ही तासभर तिथेच बसलो.

खरी परीक्षा पुढे होती. पुढच्या गावांत काही रस्त्यांवर ठरावीक वेळ गाडी फुकट लावता येते. फक्त काचेमागे ‘पार्कशायबे’ नावाची, पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची निळी तबकडी ठेवावी लागते. तिच्यावरचे चाक फिरवून आपण केव्हा आलो ते दाखवायचे. नियम असा की, बाण पुढच्या अर्ध्या तासावर ठेवायचा. म्हणजे दहा एकोणतीसला गाडी लावली तर साडेदहा. दहा एकतीसला लावली तर थेट अकरा. सरकार उघडपणे एकोणतीस मिनिटे फुकट देत आहे, हे ज्या क्षणी पत्नीच्या लक्षात आले, त्या क्षणापासून आमच्या प्रवासाचे स्वरूप पालटले. “थांबा. अजून दोन मिनिटं,” ती म्हणे, आणि आम्ही चौघे इंजिन बंद करून, लाकडी चौकटींच्या त्या देखण्या घरांकडे पाठ करून, डॅशबोर्डावरच्या घड्याळाकडे पाहत बसत असू. मुलाने वाचून दाखवले की, तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबले तर कायद्याने ते पार्किंगच धरले जाते. त्यामुळे ही चैनही जपूनच करावी लागे.

नोर्डलिंगनला मात्र मी गाफील राहिलो. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेल्या विवरात हे गाव वसलेले आहे, त्याचा तट अखंड गोल आहे आणि मधोमध ‘डॅनिएल’ नावाचा नव्वद मीटर उंच चर्चचा मनोरा आहे. साडेतीनशे पायऱ्या चढून आम्ही तिघे वर गेलो. आई खाली बाकावर पर्सा सांभाळत बसली. वरून लाल कौलांचे वर्तुळ, त्यापलीकडे शेते आणि क्षितिजावर विवराची टेकडीवजा कड दिसत होती. पत्नी ते पाहत होती. मी आमची पांढरी गाडी शोधत होतो. या मनोऱ्यावरून आजही पहारेकरी रात्री दहानंतर दर अर्ध्या तासाने हाळी देतो, हे ऐकल्यावर माझ्या मनात प्रथम तबकडीच आली.

खाली उतरलो तेव्हा वेळेत वीस मिनिटे शिल्लक होती आणि काचेवर चिठ्ठी होती. मी धाडकन दार लावले, त्या धक्क्याने तबकडी सरकून आसनाखाली पडली होती. दंड वीस युरो. आईने त्याचे रुपये केले, मग त्या रुपयांचे तूरडाळीचे किलो केले, आणि गप्प बसली. 1440 साली याच गावाचा दरवाजा फितुरीने उघडा राहिला असता एका डुकरिणीने त्याला अंग घासले आणि ते पाहून गाव सावध झाले, असे सांगतात. माझ्या वेळी तिने तसदी घेतली नाही.

पुढच्या सगळ्या प्रवासात आईने ती तबकडी देव्हाऱ्यातल्या टाकासारखी मांडीवर धरून ठेवली. फ्युसेनला पोहोचलो तेव्हा दहा एकोणतीस झाले होते. मी इंजिन बंद केले, आणि कोणी काही न बोलता आम्ही गाडीतच बसून राहिलो.