गेनचे नियंत्रण घातांकी हवे

रेडिओ रिसीव्हरमधील स्वयंचलित गेन नियंत्रणावरच्या लेखात गेन (सिग्नल किती पटीने वाढवला ते) आणि तो ठरवणारे नियंत्रक व्होल्टेज यांचे नाते सरळ रेषेचे असावे असे म्हटले आहे. गेन डेसिबलमध्ये, म्हणजे लॉगरिदमिक मापात मोजला, तरच ते पटते; पटीत मोजलेला गेन व्होल्टेजप्रमाणे घातांकीच बदलायला हवा. अन्यथा लूपचा, म्हणजे आउटपुटची पातळी पाहून गेन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या साखळीचा, वेग सिग्नलच्या पातळीप्रमाणे बदलतो, म्हणजे जळगावात आकाशवाणीचे स्थानिक केंद्र लावले की लूप डळमळतो आणि रात्री दूरचे केंद्र शोधताना तोच सुस्तावतो. एडी ६०३ या जुन्या पण गुणी चिपमध्ये रोधकांची शिडी सिग्नल आधी ० ते ४२.१४ डेसिबलने घटवते आणि मग तो स्थिर गेनच्या ॲम्प्लिफायरला देते; त्यामुळे व्होल्टमागे ४० डेसिबल हे प्रमाण नेमके राहते. मात्र गेन उतरवला की इनपुटकडे मोजलेला नॉईज (सर्किटचा स्वतःचा गोंगाट) वाढतो, म्हणून धुळ्याच्या आमच्या विद्यार्थ्यांना मी हा टप्पा मिक्सरनंतरच (सिग्नलची वारंवारिता बदलणाऱ्या टप्प्यानंतर) ठेवायला सांगतो.