कूलरचा पोपट

साडेतीन वाजले की आमचा कॉल लागतो. ऑफिसचा नाही, आमचा स्वतःचा. चौघं आहोत, चौघंही नागपुरातच आणि चौघंही घरूनच काम करून राहिलो, कोणाची कंपनी पुण्याची, कोणाची हैदराबादची, माझी बंगलोरची. लांबात लांब आठ-नऊ किलोमीटरचं अंतर, पण मे महिन्यात दुपारी साडेतीनला नागपुरात आठ किलोमीटर म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. दुपट्टा गुंडाळून डोळे तेवढे उघडे ठेवून निघालेला माणूस त्याच्या आईलाही ओळखू येत नाही, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, त्याची जागा ट्रान्सफॉर्मरच्या सावलीत फिक्स असते. म्हणून फोन. आपापल्या घरी, आपापला चहा, आपापल्या कूलरपुढे.

आमच्यात कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही, कॉलेजपासून एरियावरूनच चालतं. एक महाल, एक मनीषनगर, एक प्रतापनगर आणि मी त्रिमूर्तीनगर. प्रतापनगर तर माझ्या घरून चालत पंधरा मिनिटांवर राहते पण शेवटची भेटली ती थंडीत.

बोलणं काय तर काहीच नाही. टाकीचं पाणी इतकं तापलं आहे की नळाखाली चहापत्ती धरली तर चहा होईल, आंघोळ सकाळी सातच्या आत केली तर आंघोळ नाहीतर उकडणं. प्रतापनगरच्या सासूबाई गच्चीवर कुरडया घालतात आणि हिला दोन मीटिंगच्या मधल्या दहा मिनिटांत त्या उलटवायला पाठवतात, एकदा ही हेडफोन लावूनच गच्चीवर गेली आणि क्लायंटला म्हणाली, ‘जस्ट अ मिनिट, आय अ‍ॅम टर्निंग इट ओव्हर’, क्लायंट म्हणाला टेक युअर टाइम. मनीषनगरचं दुःख निराळं. आधी ऑफिसला उशीर झाला की तो रेल्वे फाटक बंद होतं म्हणून सांगायचा आणि ते खरंच असायचं त्यामुळे कोणी काही बोलायचं नाही. आता बेडरूम ते हॉल यात कोणतं फाटक सांगणार. शिवाय तापमानाचे आकडे त्याला लोकांना क्रिकेटचे स्कोअर असतात तसे पाठ. ‘हे का ऊन आहे बे, 23 मे 2013 ले 47.9 होतं.’ हे वाक्य आम्ही दर उन्हाळ्यात किमान वीसदा ऐकतो.

तर 2024 चा मे. माझ्या खोलीत कूलर आहे, एसी नाही. म्हणजे घरात एसी आहे, पण तो हॉलमध्ये आहे आणि बाबांच्या मते एसी पाहुण्यांसाठी असतो. दीड टनाचा एसी दीड हजार वॅट खातो आणि कूलर दोनशे, हा हिशोब बाबा मला दरवर्षी एक मे ला सांगतात, महाराष्ट्र दिनाचं भाषण असल्यासारखं. कूलर जुना, लोखंडी बॉडीचा, खिडकीत स्टँडवर बसवलेला. चालू केला की घूंSSS. मीटिंगमध्ये याचा त्रास व्हायला पाहिजे पण होत नाही, कारण आजकाल लॅपटॉपमध्ये आवाज गाळायची सोय असते, सतत एकसारखा येणारा आवाज तो समोरच्यापर्यंत जाऊच देत नाही. माझा कूलर तर गाळला जातोच पण बाबा अखंड बोलत असले की तेही गाळले जातात.

भानगड झाली ती पंख्याच्या बुशमुळे, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या कडीमुळे. बुश सुकला आणि घूंच्या मधेच एक कुई यायला लागली. कुई, मग बराच वेळ काही नाही, मग कुई-कुई, मग टर्र. हा आवाज सतत नव्हता म्हणून तो काही गाळला जाईना. रिव्ह्यू मीटिंग सुरू होती, सतरा माणसं, मी माझे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, वाचून दाखवत होतो आणि आमच्या मॅडमनी मला मधेच थांबवलं.

‘इज दॅट अ बर्ड?’

आता इथे तुम्ही म्हणाल की सरळ सांगायचं ना कूलर आहे म्हणून. सांगितलं असतं. पण मागच्या वर्षी मी एकदा सांगून पाहिलं होतं. बंगलोरच्या लोकांना कूलर म्हणजे पाणी प्यायचा कूलर वाटतो. मग मी समजावलं की नाही मॅडम, एक लोखंडी डबा असतो, त्याच्या तीन बाजूंना गवताच्या ताट्या असतात, खाली पाणी भरतो, टिल्लू पंप ते पाणी वर नेऊन गवतावर सोडतो, पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या गवतातून आत ओढतो आणि पाणी वाफ होताना हवेतली गरमी घेऊन जातं, आमच्याकडे मे मध्ये हवा कोरडी ठण्ण असते म्हणून हे जमतं. एवढं सगळं इंग्रजीतून सांगितल्यावर पलीकडून एक पोरगा म्हणाला, ‘सो यू वॉटर द ग्रास इनसाइड युअर हाऊस?’ त्यानंतर पुढचे दोन महिने ते लोक मला शेतकरी समजत होते.

म्हणून या वेळी मी म्हणालो, ‘येस मॅडम. पॅरट.’

तीन सेकंदांत विषय संपला. मॅडम म्हणाल्या सो स्वीट, मी पुढचा बग वाचला. इतकं सोपं असतं हे मला माहीतच नव्हतं.

साडेतीनला मी हे मोठ्या फुशारकीनं सांगितलं. महाल इतका हसला की त्याचा चहा सांडला. ‘अबे तुझा तर खराच पोपट झाला.’ मनीषनगर म्हणाला नाव ठेव बे त्याचं काहीतरी, विचारतील ना उद्या. महालनं लगेच सुचवलं, ‘टिल्लू ठेव. पंपाचं नाव आहे, विसरणार नाहीस.’ आम्ही हसून राहिलो आणि प्रतापनगर गप्प. मग हळूच म्हणाली, ‘काय रे, पोपट पाळणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?’

तिचे सासरे वनखात्यातून रिटायर झालेले, तिच्या घरी या गोष्टी जेवताना चालतात. आपले हे हिरवे, लाल चोचीचे, गळ्यात कंठी असलेले पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत. म्हणजे मी सतरा माणसांसमोर, रेकॉर्डिंग सुरू असताना, गुन्हा कबूल करून बसलो होतो. तोही न केलेला.

‘कोण पाहून राहिलं बे बंगलोरहून,’ मनीषनगर म्हणाला. कूलरनं कुई केलं.

पण मॅडमना पक्षी आवडतात हे पुढच्याच मीटिंगला कळलं. सुरुवातीलाच विचारलं, हाऊ इज युअर पॅरट, नाव काय त्याचं. मी म्हणालो टिल्लू. मग सतराच्या सतरा लोकांनी एकेक करून हाय टिल्लू, हॅलो टिल्लू केलं आणि त्या लोखंडाच्या डब्यानं, देवाशप्पथ सांगतो, नेमकं त्याच वेळी तीनदा कुई केलं आणि एकदा टर्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला नोकरी लागून सहा वर्षं झाली, माझ्यासाठी अजून कोणी टाळी वाजवलेली नाही.

मग रोजचंच झालं. टिल्लू जेवला का, टिल्लू झोपला का, टिल्लू काय काय बोलतो. मी म्हणायचो थोडं मराठी बोलतो. दुसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या त्यांच्या मुलीला टिल्लूला पाहायचं आहे, शुक्रवारी कॅमेरा लाव ना दोन मिनिटं.

त्या दिवशीचा साडेतीनचा कॉल सव्वाचारपर्यंत चालला. खरा पोपट आणणं कायद्यात बसत नव्हतं. मनीषनगर म्हणाला खिडकीत साळुंकी येतात माझ्या, व्हिडिओ काढून पाठवतो, पण साळुंकीला पोपट कसं म्हणणार. महालनं तर कहर केला. त्याच्या घरी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहे, त्याच्या आजोबांच्या वेळचा, चाकं लावलेला, तो म्हणे घेऊन जा आणि हिरवा रंग मार. ‘दुरून कोणाले समजते बे!’ त्याला वाटतं जगातली सगळी संकटं तान्हा पोळा आणि मारबत यातच निपटतात. मारबत म्हणजे गावची इडापीडा घेऊन जाणारा मिरवणुकीतला पुतळा, आणि ज्याच्यावर राग त्याचा सोबत निघणारा पुतळा म्हणजे बडग्या. दरवर्षी मारबतीच्या दिवशी त्याच्या गल्लीतून ‘घेऊन जा गे मारबत’ सुरू झालं की त्याच्या कॉलवर कोणाचंच काही ऐकू येत नाही आणि तो कॅमेरा खिडकीकडे वळवून मोकळा होतो. म्हणाला, फारच झालं तर यंदा तुझ्या मॅडमचा बडग्या काढू. मी म्हणालो मॅडम चांगल्या आहेत रे, तोच तर त्रास आहे.

शेवटी प्रतापनगरनं विचारलं, ‘तो आवाज बंद का नाही करून घेत तू?’

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मेकॅनिकला फोन केला. मे महिन्यात कूलरचा मेकॅनिक म्हणजे लग्नातला नवरदेव, दिसतो पण हाती लागत नाही. ‘येतो ना भाऊ संध्याकाळी’ म्हणाला, कोणत्या संध्याकाळी ते नाही म्हणाला. मग मीच स्टूल घेतला, पायात रबरी चप्पल घातली, प्लग काढला. आई खालून म्हणे, ‘प्लग काढला का? दाखव.’ मी प्लग हातात धरून दाखवला. तिचं चुकत नाही, पाणी आणि लोखंड आणि करंट, दर उन्हाळ्यात पेपरात कूलरचा शॉक लागल्याची बातमी असतेच. मागची ताटी काढली, गवतावर पाण्याचे पांढरे क्षार बसलेले, आत हात घालून पंख्याच्या मागे बुशवर शिलाई मशीनच्या तेलाचे पाच-सहा थेंब सोडले. पाती हातानं फिरवली. एक शेवटची बारीक कुई आली आणि मग काहीच नाही. मला उगीचच वाईट वाटलं.

शुक्रवारी कॅमेऱ्यासमोर मी आणि एक रिकामी खिडकी. मी म्हणालो टिल्लू उडून गेला. मॅडमची मुलगी रडायला लागली. मॅडम म्हणाल्या हाऊ आर यू होल्डिंग अप, आणि मग म्हणाल्या तू सोमवारी सुट्टी घे, काम मी बघते. अख्ख्या कंपनीत कूलरला तेल घातल्याबद्दल पगारी सुट्टी मिळालेला मी एकटाच असेन. त्या सोमवारी सकाळी साडेसहाला आम्ही चौघं खरोखर भेटलो, उन्हं चढायच्या आत तर्री पोहे खाल्ले, तर्री दोनदा मागितली. महालनं टिल्लूच्या आत्म्याला एक घास बाजूला काढून ठेवला आणि मग तोही स्वतःच खाल्ला.

इथवर सगळं निभलं होतं. पण 30 मे ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर 56 डिग्री तापमान दिसलं आणि ती बातमी देशभर झाली. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की सेन्सर बिघडलेला होता. मनीषनगर दोन दिवस घुश्शात होता, त्याचा 47.9 चा रेकॉर्ड फुकटात मोडायला निघाला होता. ‘यंत्रालेही ऊन लागलं बे, बाकी काही नाही.’ पण सेन्सर बिघडल्याची बातमी बंगलोरला पोचली नाही, 56 ची पोचली. रात्री अकराला मॅडमचा मेसेज. तुम्ही सगळे ठीक आहात ना, आणि आपला टिल्लू या उन्हात बाहेर कुठे असेल. आपला टिल्लू! मी गच्चीवर जाऊन पक्ष्यांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवून आलो. आईनं विचारलं आज काय सुचलं, मी म्हणालो असंच.

आणि जूनच्या पहिल्या सोमवारी, स्टँडअप, म्हणजे आमची रोजची छोटी मीटिंग, सुरू होऊन चार मिनिटं झाली असतील, तेल सुकलं.

कुई.

सगळे गप्प. माझ्या पोटात गोळा. पुन्हा कुई-कुई, आणि टर्र. मॅडम किंचाळल्याच, ‘ही इज बॅक!’ कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, एकानं तर केरळमधून शिट्टी मारली. मॅडमनी कॅमेरा बंद केला, मला वाटतं डोळे पुसत होत्या. मी काय करणार, मीपण म्हणालो येस मॅडम, आत्ताच आला, खिडकीत बसला आहे. हे मात्र खोटं नव्हतं.

जूनच्या शेवटी पाऊस लागला. पावसाळ्यात कूलर काही कामाचा नाही, हवेतच इतकं पाणी असतं की तो फक्त चिपचिप फेकतो, म्हणून बाबांनी तो उतरवून, ताट्या काढून, गच्चीवर जुन्या चादरीत बांधून ठेवला. मॅडमना काय सांगायचं यावर साडेतीनला चर्चा झाली आणि प्रतापनगरनंच तोडगा काढला, सांग की तो पावसाळ्यात जातो आणि उन्हाळ्यात येतो. मॅडमना ते पटलं. फारच पटलं, कारण आठवड्यानं बंगलोरहून पार्सल आलं. दोन किलो सूर्यफुलाच्या बिया, वर चिठ्ठी, टिल्लूसाठी, परत येईल तेव्हा.

ते आईनं उघडलं. चिठ्ठी इंग्रजीत होती ती बाजूला ठेवली, मूठभर बिया हातात घेऊन पाहिल्या आणि मला विचारलं, ‘तुझ्या कंपनीतून आलं का हे?’

हो म्हणालो.

‘बाप्पा! मागच्या दिवाळीत सुकामेवा दिला होता, आता पक्ष्याचा चारा पाठवून राहिले? बरी चालून राहिली ना रे कंपनी?’

तिनं त्यातल्या अर्ध्या मीठ लावून भाजल्या. साडेतीनच्या चहासोबत बऱ्या लागतात.