‘खेळात चमकला की अमेरिकेत मार्क कोण बघतंय?’ बघतात, आणि नववीपासूनचे बघतात

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. शब्द बदलतात, सांगणं तेच: मूल टेनिस, पोहणं किंवा अ‍ॅथलेटिक्समध्ये चांगलं असेल तर अमेरिकेतली कॉलेजं मार्क न बघता घेतात. कोचने होकार दिला की प्रवेश पक्का. एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा रद्दच झाली आहे. एकदा आत गेलं की अभ्यासाची कटकट नाही आणि चारही वर्षांचा खर्च कॉलेजचा. यावर विसंबून मुलांची शाळा नावापुरती ठेवली जाते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं.

‘मार्क बघत नाहीत.’ साफ चूक. कॉलेज स्पर्धांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, पहिल्या वर्षापासून खेळायचं, तर हायस्कूलच्या (नववी ते बारावी) चार वर्षांत 16 कोअर कोर्स, म्हणजे मुख्य विषय, पूर्ण लागतात: इंग्रजीचे 4, गणिताचे 3, विज्ञानाचे 2, सामाजिक शास्त्रांचे 2, इंग्रजी-गणित-विज्ञानापैकी आणखी 1, आणि उरलेले 4 याच विषयांतले किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान असे. शारीरिक शिक्षण यात धरत नाहीत. या 16 विषयांची सरासरी 4 पैकी किमान 2.3 हवी.

हा आकडा ऐकून ‘एवढंच?’ असं वाटतं. पण हिशोब करून बघा. ‘बी’ला 3 गुण, ‘सी’ला 2. पाच विषयांत बी आणि अकरा विषयांत सी मिळाला, तर सरासरी 2.31 येते आणि मूल पात्र ठरतं. त्यातला एकच बी घसरून सी झाला की सरासरी 2.25. मग शिष्यवृत्ती घेता येते, सरावही करता येतो, पण पहिलं वर्षभर सामना खेळता येत नाही. ज्या खेळासाठी इतका खटाटोप केला, तोच एका विषयापायी अडकतो.

परदेशातून जाणाऱ्या मुलाला नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडे (पात्रता तपासणाऱ्या कार्यालयाकडे) द्यावी लागते; मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरासकट. आपल्याकडे नववीचा निकाल कोणत्या फायलीत आहे हे कुणाला आठवत नाही आणि अकरावी म्हणजे तर आरामाचं वर्ष! शिवाय दहावी-बारावीत राज्य मंडळ खेळाडूंना सवलतीचे गुण देतं, तसे गुण वाढवून द्यायची सोय एनसीएएच्या नियमांत नाही.

‘कोचने होकार दिला की प्रवेश पक्का.’ यात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात पुढे आलेल्या आकड्यांनुसार रिक्रूट केलेल्या, म्हणजे कोचने संघासाठी निवडलेल्या, खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्के मुलांना प्रवेश मिळत होता. एवढी सूट इतर अर्जदारांना स्वप्नातही मिळत नाही, आणि तिच्यावर होणारी टीका मला रास्त वाटते. पण हे 86 टक्के आधीच चाळणीतून आलेल्या मुलांपैकी आहेत. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्डसारख्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटात, मार्क आणि परीक्षेचे गुण एकत्र करून अ‍ॅकॅडमिक इंडेक्स काढतात, आणि रिक्रूट केलेल्या मुलांची सरासरी बाकीच्या विद्यार्थ्यांपासून फार खाली जाऊ देत नाहीत. कोच गुणपत्रिका आधीच प्रवेश कार्यालयाला दाखवतो. तिथून नकार आला की तोच कोच यादीतल्या पुढच्या मुलाला फोन लावतो. एमआयटीत तर कोच फक्त शिफारस करू शकतो.

मागचे दरवाजेही होते, हेही खरं. 2019 मध्ये उघडकीस आलेल्या घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी लाच देऊन मुलांना खोटे खेळाडू म्हणून उभं केलं. मध्यस्थ रिक सिंगरला 2023 मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 1993 ते 2011 या काळात नावापुरते वर्ग चालले. 2014 च्या चौकशी अहवालानुसार त्यांचा लाभ 3,100 हून अधिक विद्यार्थ्यांनी घेतला, आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. तरी 2017 मध्ये एनसीएएने शिक्षा केली नाही, कारण ते वर्ग सगळ्यांनाच खुले होते. हा निर्णय मला आजही पटत नाही. त्या खेळाडूंच्या हाती पदवी आली, शिक्षण आलं नाही.

‘एसएटी रद्द झाली.’ एनसीएएने पात्रतेसाठीची अट जानेवारी 2023 मध्ये काढली. सगळ्या कॉलेजांनी नव्हे. एमआयटीने परीक्षा 2022 मध्येच परत आणली, डार्टमथ आणि हार्वर्डने 2024 मध्ये तसं जाहीर केलं. खेळाडूंना तिथे वेगळा नियम नाही.

‘आत गेल्यावर अभ्यास नाही.’ डिव्हिजन वनमध्ये दुसरं वर्ष संपताना पदवीचा 40 टक्के अभ्यासक्रम पूर्ण हवा, तिसऱ्या वर्षाअखेर 60, चौथ्याअखेर 80. नसेल तर संघाबाहेर. अख्खा संघ मागे पडला तर संघालाच फटका बसतो: कनेक्टिकट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला याच कारणाने 2013 च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळता आलं नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून 2007 आणि 2008 मध्ये एनसीएए एकेरी जिंकणारा आपला सोमदेव देववर्मन समाजशास्त्र शिकत होता.

‘सगळा खर्च कॉलेजचा.’ आयव्ही लीग आणि एनसीएएच्या तिसऱ्या गटातली, डिव्हिजन थ्रीची, कॉलेजं खेळासाठी एक पैसाही देत नाहीत; तिथे मिळाली तर घरच्या परिस्थितीनुसार मदत मिळते. डिव्हिजन वनमध्येही पुरुषांच्या टेनिस संघाला अनेक वर्षं 4.5 शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती आणि त्या आठ-दहा जणांत वाटल्या जायच्या. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ही मर्यादा तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांपुरती उठली, पण म्हणून प्रत्येकाला पूर्ण शिष्यवृत्ती द्यायचं बंधन कुणावर आलेलं नाही. शिष्यवृत्ती एकेका वर्षापुरतीही असू शकते. तेव्हा कोचशी बोलताना फीचा किती भाग, राहण्याजेवणाचं काय, किती वर्षं आणि दुखापत झाली तर पुढे काय, ही चारही उत्तरं लेखी मागून घ्या.