ट्युलिप बघायला जाताय, पण स्वेटर आणि पोस्टपेड?

'मार्चअखेर श्रीनगरला गेलात की सगळं काश्मीर फुललेलं मिळतं' हे काश्मीर सहलीवरच्या लेखातलं वाक्य मला तरी पटलं नाही. आम्ही याच भरवशावर गेलो होतो. ट्युलिप छानच होते, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ते रंगांचे पट्टे बघून आईचे गुडघेसुद्धा दुखायचे थांबले! पण मुघल बागांमधले चिनार अगदी बोडके होते. चिनारला पानं पुढे एप्रिलमध्ये फुटतात, आणि लाल व्हायला तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. आमच्या मनात मात्र कॅलेंडरवरचा लाल चिनार होता. बदामाचा बहर हवा असेल तर श्रीनगरमधल्या बादामवारी या बदामाच्या बागेत मार्चच्या मध्यालाच जावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा पाकळ्यांचा सडा पडलेला. ट्युलिप बागही दरवर्षी ठरलेल्या तारखेला उघडत नाही. २०२३ मध्ये १९ मार्चला उघडली, २०२५ मध्ये २६ मार्चला. त्यामुळे बागेची तारीख कळल्याशिवाय परत न मिळणारं तिकीट काढू नये.

आणखी एक गोष्ट लेखात हवीच होती: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. आमच्या चौघांत एकच पोस्टपेड, तेही माझ्या भाच्याचं. तीन दिवस सगळे त्याच्या मागे हॉटस्पॉट मागत फिरत होतो. शिवाय दोन दिवस पाऊस होता आणि आम्ही 'वसंत ऋतू आहे' म्हणून जाड स्वेटर घरीच ठेवले होते. हाउसबोटवाल्या काकांनी कांगडी (ऊब घ्यायची निखाऱ्यांची छोटी शेगडी) आणून दिली म्हणून निभावलं.