ऐनवेळचा विषय

आमच्या गावचं गटार शाळेच्या कोपऱ्यावर सुरू होतं आणि माझ्या दारात संपतं. अंदाजपत्रकात ते पुढं थेट ओढ्यापर्यंत जातं. पण पाणी अंदाजपत्रकातून वाहत नाही, वरच्या आळीतल्या मोऱ्यांतून वाहतं. यात कुणाचा दुष्टावा नाही. निधी जिथं संपला तिथं गटार संपलं, इतकंच. ठेकेदार हिशेबाला पक्का, घमेलंभर काँक्रीटसुद्धा जास्त ओतलं नाही त्यानं. वरच्या आळीत कुणाकडं मटण शिजलं आणि कुणाकडं पाहुणे जेवून गेले, हे आम्हाला दुपारच्या आत न विचारता कळतं. आमच्याकडं येणारे पाहुणे उडी मारून आत येतात. ज्यांना उडी जमत नाही ते फोनवरच ख्यालीखुशाली विचारतात.

सरपंचांकडं गेलो. सरपंच बाई आहेत, म्हणून बोलले त्यांचे यजमान. 2011 साली ग्रामपंचायतीत बायकांना निम्म्या जागा मिळाल्या आणि तेव्हापासून गावोगावच्या नवऱ्यांवर कामाचा फार बोजा पडलाय. यजमान म्हणाले, "बंधित निधीत पैसा पडून हाय, पर त्यो पाण्याला आन् स्वच्छतेला." म्हटलं, गटार म्हणजे स्वच्छताच की. "ते भाऊसाहेबांना इचारा."

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. 2024 मध्ये त्यांच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं आणि भाऊसाहेब पूर्वीसारखेच दुसऱ्या गावाला गेलेले असतात. त्यांचाही दोष नाही; एका माणसाकडं दोन-तीन गावांचा चार्ज, म्हणजे तो कायम कुठल्या तरी दुसऱ्या गावालाच असणार. सापडले तेव्हा त्यांनी मला पंधराव्या वित्त आयोगाचा निधी समजावला. 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित, त्यात आधीची देणी, त्यात पथदिव्यांचं बिल, त्यात संगणक परिचालकाचं मानधन. इतकं पोटतिडकीनं सांगत होते की शेवटी मला त्यांचीच कणव आली. "आणि गटार?" मी निघता निघता विचारलं. "आराखड्यात नाही. ग्रामसभेत मांडा, ठराव घ्या, मग बघू."

आमच्याकडं ग्रामसभेचे दिवस सहसा ठरलेले असतात: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. जवळचा दिवस पंधरा ऑगस्टचा होता. झेंड्याला गाव लोटलं होतं. नियमानं सभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात, आणि तेवढी तर नुसती बालवाडीच्या भिंतीवर बसली होती. पण झेंडा आणि सभा यांच्या मधे जिलेबी वाटली. जिलेबीचा पुडा हातात पडलेला माणूस लोकशाहीसाठी थांबत नाही. पाक कागदातून झिरपायला लागलेला असतो. थोड्या वेळानं मैदानात भाऊसाहेब, शिपाई, मी आणि एक कुत्रं उरलो. सभा तहकूब झाली.

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं. तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणून आमच्याकडं पहिली सभा ही तहकूब करण्यासाठीच भरते, आणि खरी सभा पुढच्या आठवड्यात मारुतीच्या देवळात.

मधल्या दिवसांत मी घरपट्टी भरून टाकली. जाणकारांचा सल्ला होता तो. ग्रामसभेत कुणी अवघड प्रश्न विचारला की भाऊसाहेब उत्तर देत नाहीत. खाकी कव्हरचं मागणीचं रजिस्टर पुढं ओढतात, अंगठा जिभेला लावतात आणि शांतपणे पानं उलटायला लागतात. पानं उलटण्याच्या आवाजानंच निम्मी माणसं खाली बसतात. एकदा एका तरुणानं ऑनलाइन टेंडरचा हिशेब मागितला होता. त्याच्या आजोबांच्या नावावरची थकलेली पाणीपट्टी सगळ्या देवळानं ऐकली. तो पोरगा आता पुण्यात असतो. मी पावती खिशात ठेवली, शर्टाच्या वरच्या खिशात, जरा बाहेर डोकावेल अशी.

सभा सुरू झाली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हा पहिला विषय. भाऊसाहेबांनी ते मंगलाष्टकाच्या चालीवर एका दमात वाचलं आणि कुणाला काही कळायच्या आत कायम झालं. मग पाणी. जलजीवनच्या नळयोजनेत माणशी रोज 55 लिटर द्यायचं ठरलेलं आहे, आणि वरच्या आळीला ते मिळतंही. किंबहुना खालच्या आळीचे 55 लिटरही वरच्याच आळीला मिळतात, कारण तिथं प्रत्येक नळाला मोटर लावलेली आहे. "मोटरी कुणाकुणाच्या हायती त्यांची नावं वाचा!" खालची आळी ओरडली. पाणी सोडणाऱ्यानं नावं वाचायला तोंड उघडलं, तोच कुणीतरी त्याच्या कानात पुटपुटलं. त्याला जोराचा खोकला आला. एकाही मोटरीचं नाव न घेता मोटरींचा निषेध करण्यात आला. सर्वानुमते.

नंतरचा विषय तंटामुक्त समितीचा अध्यक्ष निवडणे. ही मोहीम सरकारनं 2007 साली काढली. गावातले तंटे गावातच मिटावेत, पोलीस ठाण्याची आणि कोर्टाची पायरी चढावी लागू नये, असा चांगला हेतू. आमच्या गावात एरवी वर्षभर फारसे तंटे होत नाहीत. जो काही होतो तो तंटामुक्तीचा अध्यक्ष निवडताना होतो. या पदाला मानधन नाही, गाडी नाही, सहीचा चेक नाही. पण लग्नपत्रिकेत नावामागं छापता येतं, सत्काराच्या नारळात नंबर वरचा लागतो, आणि पळून जाऊन लग्न केलेली जोडपी हार घालून घ्यायला येतात. माणसं यासाठी आमदारकीसारखी भांडतात.

दोन्ही पार्ट्यांनी आपापली नावं दिली. "हात वर करा" म्हटल्यावर काहींनी दोन्हीकडं हात वर केले, आणि ते उघडकीस आल्यावर ते हात दुसऱ्या कामी आले. घंटा कुणीतरी बडवत होतं. देवळातली चटई ओढली गेली, तीवरचे पाच-सहाजण चटईबरोबर सरकले. एकाचा सदरा बगलेपासून खिशापर्यंत फाटला. तो फाटक्या सदऱ्यानिशी मोबाइलमध्ये शूटिंग करत राहिला. मी खांबाला टेकून पावती सांभाळत उभा होतो. पुढं प्रोसिडिंगच्या वहीत याची नोंद "सविस्तर चर्चा झाली" अशी आली आहे.

अखेर सरपंचबाई उठल्या. सभा सुरू झाल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. यजमान त्यांना मागून काहीतरी सुचवत होते, तर त्यांच्याकडं न बघताच बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा गप बसा." देऊळ गार झालं. "भांडत न्हाई असा एक तरी गडी हाय का हितं?"

सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं. मग खांबाकडं बघितलं.

मी सांगायचा प्रयत्न केला की मी फक्त गटारासाठी आलोय. पण दोन्ही पार्ट्यांना माझ्यापेक्षा एकमेकांचा राग जास्त होता. समोरच्याचा होण्यापेक्षा हा बरा, या एका मुद्द्यावर गावात एकमत झालं, सूचक-अनुमोदक मिळाले, आणि गळ्यात हार पडला. हार आधीच्या उमेदवारासाठी आणलेला होता, म्हणून जरा मोठा होता.

शेवटी "ऐनवेळचे विषय" आले आणि मी हारासकट उठलो. गटार ओढ्यापर्यंत न्यावं, एवढंच म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. गटार व्हायलाच पाहिजे. मग शेजारच्या तात्यांनी विचारलं, "पर जाणार कुठनं?"

इथं खरी गोम आहे. गटार सगळ्यांना हवं असतं, ते फक्त दुसऱ्याच्या दारावरून जायला हवं असतं. ओढ्याकडं जायची वाट तात्यांच्या ओट्याखालून आहे आणि ओटा रस्त्यावर आहे. ओटा आधीचा का रस्ता आधीचा, यावर तात्यांचं म्हणणं असं की दोन्हीच्या आधी तात्यांचे आजोबा होते.

"तात्या, ओटा गावठाणाच्या रस्त्यात आलाय," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

"बघा!" तात्या सभेकडं वळले. "हार वाळला न्हाई अजून, आन् अध्यक्ष तंटा उकरायलंय!"

सभा कुजबुजली. कालपर्यंत मी गटाराबद्दल निदान ओरडू शकत होतो. आता दोन्ही पार्ट्यांची वडीलधारी माणसं मला समजावायला लागली, की या पदावर बसलेल्या माणसानं कसं चार पावलं मागं यावं. माझ्या दारात चार पावलं मागं आलं की पाय कुठं पडतो, हे मला माहीत होतं. भाऊसाहेबांनी सवयीनं रजिस्टर ओढलं. मी पावती काढून दाखवली. त्यांनी ती उलटसुलट बघितली. "ही घरपट्टीची. दिवाबत्ती कर राहिलाय."

तेवढ्यात सरपंचबाईंनी ठराव सांगायला सुरुवात केली: गटार आराखड्यात घ्यावं, आधी मोजणी करावी, ओटा रस्त्यात निघाला तर काढावा. त्यांनी तो न अडखळता सांगितला, बंधित निधीच्या शब्दासकट. भाऊसाहेबांना लिहून घ्यावाच लागला. यजमान खाली चटईकडं बघत होते. माझ्या मते या गावाला सरपंच आहे, हे त्या दिवशी पुष्कळांना नव्यानं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई उडी मारून घरात आला. हातात एक अर्ज होता. तात्यांनी तंटामुक्त समितीकडं तक्रार दिली होती: शेजाऱ्याकडून वडिलोपार्जित ओट्यास धोका, सबब समितीने योग्य ती समज द्यावी.

"दोन सह्या लागत्यात," शिपाई म्हणाला. "अर्ज मिळाला म्हणून अध्यक्षाची हितं. आन् नोटीस मिळाली म्हणून गैरअर्जदाराची तितं."

मी दोन्ही केल्या. त्यानं निरखून बघितल्या आणि कागद परत माझ्यापुढं धरला.

"दोन्ही सारख्याच दिसत्यात. भाऊसाहेब चालवून घ्यायचं न्हाईत. एक जरा येगळी करा."